दोन खिडक्यांवरच्या गोळ्या

मनोविकारावरचे औषध आणि पाळणा लांबवण्याची गोळी एकाच स्त्रीने एकाच काळात घेण्याचा प्रसंग वैद्यकाच्या इतिहासात फार उशिरा आला. मनाच्या आजारांवर ठोस परिणाम करणारी आधुनिक औषधे १९४९ ते १९५२ या काळात हाती आली आणि गर्भनिरोधक गोळी १९६० मध्ये. दोन्ही शोधांत जेमतेम दहा वर्षांचे अंतर असले तरी पुढे दोन्हींच्या वाटा वेगळ्या झाल्या. एक औषध मनोरुग्णालयाच्या खिडकीवर मिळू लागले, दुसरे कुटुंबनियोजन केंद्रात. एकाची नोंद केस पेपरवर, दुसऱ्याची नर्सबाईंच्या वहीत. पोटात गेल्यावर ही औषधे यकृतात एकमेकांना गाठतात, हे १९७० च्या दशकाच्या आरंभीच कळले होते. तरी एका खिडकीने दुसऱ्या खिडकीची चौकशी करण्याची रीत अजूनही पुरती पडलेली नाही.

यांतल्या पहिल्या खिडकीचे एक जुने ठिकाण कोराडीच्या वाटेवर आहे. नागपूरच्या उत्तरेला, कामठी तालुक्यात कोराडी आहे. महालक्ष्मी जगदंबेचे देऊळ आणि तलाव ही गावाची जुनी ओळख. १९७४ मध्ये औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाल्यावर गावाचे नाव महाराष्ट्रभर झाले. कोराडीहून शहरात येणाऱ्या रस्त्याला नागपुरात कोराडी रोड म्हणतात, आणि याच रस्त्यावर प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्याची स्थापना १८६४ ची, म्हणजे नवा मध्य प्रांत करून नागपूरला त्याची राजधानी केल्यानंतर तिसऱ्या वर्षीची. राज्यातील चार सरकारी मनोरुग्णालयांत हे सर्वांत जुने. रत्नागिरीचे १८८६ मध्ये, येरवड्याचे १८८९ मध्ये आणि ठाण्याचे १९०१ मध्ये उघडले. नागपूरकर पिढ्यान्‌पिढ्या त्याला पागलखाना म्हणत आले, जवळच्या चौकालाही तेच नाव पडले.

अशा संस्था १८५८ च्या कायद्याखाली चालत. त्यांचा मूळ हेतू बंदोबस्ताचा होता, उपचार त्यानंतर. स्त्रियांचा विभाग वेगळा असे, आणि एकदा आत गेलेली बाई घरी परत येईलच अशी खात्री कोणी देत नसे. त्यामुळे गर्भनिरोधनाचा प्रश्न तिथे उभाच राहत नव्हता. स्त्रीला संसारातूनच उचलून बाजूला ठेवले की तिच्या मातृत्वाचा विचार करण्याची कोणाला गरज वाटत नाही, आणि जवळजवळ शंभर वर्षे हीच स्थिती राहिली. औषधेही मोजकीच होती. व्हिक्टोरिया राणीचे प्रसूतितज्ज्ञ चार्ल्स लोकॉक यांनी १८५७ मध्ये पोटॅशियम ब्रोमाइडचा उपयोग पाळीच्या सुमारास येणाऱ्या मिरगीच्या झटक्यांवर सांगितला होता. मेंदूवर काम करणाऱ्या आधुनिक औषधांपैकी हे पहिल्या काहींतले एक, आणि ते स्त्रीच्या मासिक चक्राकडे बघूनच वापरात आले. मेंदू आणि पाळी यांचे नाते वैद्यकाला नवे नव्हते, एवढे यावरून दिसते. १९१२ मध्ये फिनोबार्बिटोन आले, आणि त्याच वर्षी हिंदुस्थानात नवा ल्युनसी कायदाही आला. आरोग्यसेवांचा आढावा घेणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालासाठी देशातील मनोरुग्णालयांची पाहणी झाली, तेव्हाही बहुतेक संस्था उपचारापेक्षा कोंडून ठेवण्यासाठी बांधलेल्या आहेत असेच आढळले.

संततिनियमनाची चळवळ महाराष्ट्रात याच काळात, पण पूर्णपणे वेगळ्या वाटेने वाढली. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. त्यापायी त्यांची प्राध्यापकी गेली. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले आणि त्यासाठी अश्लीलतेचे खटलेही सोसले. त्यांच्या काळातली साधने म्हणजे रबरी टोपी, मलमे, निरोध. ही साधने जागच्या जागी काम करीत, रक्तात उतरत नसत. म्हणून दुसऱ्या कुठल्या औषधाशी त्यांचा संबंध येण्याचा प्रश्न नव्हता. विदर्भाच्या भूमीवर या विषयाची एक मोठी चर्चा डिसेंबर १९३५ मध्ये झाली. अमेरिकेतील संततिनियमन चळवळीच्या मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटल्या. गांधीजींनी संयमाचा आग्रह सोडला नाही, सँगर यांनी साधनांचा. दोघांचे जमले नाही, पण सँगर यांच्या मनात स्त्रीने स्वतःच्या हाताने, कोणाला न विचारता घेता येईल अशा गोळीची कल्पना पक्की होती.

ती गोळी जन्माला आली त्या कथेत मनोविकार पहिल्यापासून आहे, आणि गोळीच्या प्रचलित इतिहासात ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. गोळीच्या संशोधनाला मुख्यतः ज्यांनी पैसा पुरवला त्या कॅथरीन मॅकॉर्मिक एमआयटीच्या जीवशास्त्राच्या पदवीधर होत्या. १९०४ मध्ये त्यांचे लग्न झाले आणि दोन वर्षांतच त्यांच्या पतीला आज ज्याला स्किझोफ्रेनिया म्हणतात तो आजार जडला. १९४७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते बरे झाले नाहीत. या आजाराचे मूळ शरीरातील अंतःस्रावांत असावे, या समजुतीने कॅथरीन यांनी १९२७ पासून हार्वर्डमधील संशोधनाला देणगी दिली. पुढे १९५३ मध्ये सँगर यांनी त्यांना शास्त्रज्ञ ग्रेगरी पिंकस यांच्याकडे नेले. पिंकस यांची वुस्टर येथील संस्थाही स्किझोफ्रेनिया आणि अंतःस्राव यांच्यावर काम करीत होती, शेजारच्या सरकारी मनोरुग्णालयाशी तिचा नेहमीचा संबंध होता. गोळीतील घटकद्रव्य माणसांना देऊन पाहण्याच्या सुरुवातीच्या काळात ते त्या मनोरुग्णालयातील स्त्री आणि पुरुष रुग्णांनाही देण्यात आले. रुग्णांना स्वतःला विचारावे, अशी अपेक्षा त्या काळी नव्हती. १९५६ मध्ये पोर्तो रिकोत मोठ्या चाचण्या झाल्या आणि १९६० मध्ये अमेरिकेत ‘एनोव्हिड’ला गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळाली. ज्यांच्यावर गोळी आधी तपासली गेली त्या रुग्णांच्या इतर औषधांशी ती कशी वागते, हे मात्र त्या वेळी कोणी तपासले नाही.

इकडे १९५२ मध्ये पॅरिसमध्ये मनोविकारावर क्लोरप्रोमाझिनचा उपयोग सिद्ध झाला आणि काही वर्षांत ते भारतातही आले. त्याआधी १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी उन्मादावर लिथियमचा गुण दाखवला होता. या औषधांमुळे मनोरुग्णालयातून घरी जाणे शक्य झाले, आणि त्यातूनच प्रस्तुत विषय निर्माण झाला. घरी परतलेली सून, बायको, आई पुन्हा संसारात आली. तिला दिवस जाण्याची शक्यता निर्माण झाली, आणि दिवस गेले तर चालू औषधांचे काय करायचे हा प्रश्नही. आजारी बाईला मूल होऊ नये हे घरातले ठरवत, औषध डॉक्टर ठरवत, आणि तिचे स्वतःचे मत विचारण्याची सवय कोणालाच नव्हती.

भारत सरकारने १९५२ मध्येच कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला होता, पण गोळीवर त्याचा भर नव्हता. १९६५ पासून लूप, म्हणजे गर्भाशयात बसवायचे साधन, धडाक्याने बसवले गेले. नंतर शस्त्रक्रियांची उद्दिष्टे आली. कोराडीचे वीज केंद्र उभे राहत होते तेव्हा कुटुंबनियोजनाच्या प्रचाराचा लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर होता. १९७६ मध्ये, आणीबाणीत, महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. संख्येच्या मागे लागलेल्या या यंत्रणेला बाई कोणत्या इतर गोळ्या घेते याची विचारपूस करायला सवड नव्हती. गोळी सरकारी कार्यक्रमात सर्वदूर पोहोचली ती मुख्यतः १९८० च्या दशकात, फुकट मिळणारी माला-एन आणि दुकानात स्वस्तात मिळणारी माला-डी या नावांनी. पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांतल्या २१ मध्ये ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल हे प्रोजेस्टिन व ०.०३ मिलिग्रॅम एथिनिल एस्ट्राडायोल हे इस्ट्रोजेन असते आणि उरलेल्या ७ गोळ्या लोहाच्या असतात.

या ०.०३ मिलिग्रॅममध्ये सगळी मेख आहे. पहिल्या एनोव्हिडमध्ये जवळजवळ १० मिलिग्रॅम प्रोजेस्टिन आणि ०.१५ मिलिग्रॅम मेस्ट्रानॉल हे इस्ट्रोजेन होते. रक्ताच्या गुठळ्यांच्या तक्रारी १९६१ पासून येऊ लागल्या, म्हणून १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून मात्रा सतत खाली आणली गेली. ते योग्यच झाले. पण मात्रा कमी झाली तशी राखीव शिल्लकही कमी झाली. पूर्वी यकृताने थोडे औषध लवकर फोडले तरी उरलेले पुरत असे, आता पुरेनासे झाले. १९७१ मध्ये जर्मनीत असे दिसले की क्षयावरचे रिफाम्पिसिन घेणाऱ्या स्त्रियांना गोळी चालू असतानाही मध्येच रक्तस्राव होतो आणि काहींना दिवसही जातात. १९७२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मिरगीची औषधे घेणाऱ्या एका स्त्रीच्या अनपेक्षित गर्भारपणाची नोंद छापून आली. कारण लवकरच उलगडले. ही औषधे यकृतातील काही विकरांचे, म्हणजे एन्झाइमांचे, प्रमाण वाढवतात. ती विकरे मग गोळीतील संप्रेरके नेहमीपेक्षा लवकर मोडून टाकतात. बाईने एकही गोळी चुकवलेली नसते, तरी रक्तात पुरेसे औषध उरत नाही.

मनोविकारांच्या उपचारात या यादीतले सर्वांत महत्त्वाचे औषध कार्बामाझेपिन. ते मिरगीसाठी आले आणि १९७० च्या दशकात जपानी डॉक्टरांनी उन्मादावर त्याचा उपयोग दाखवला. भारतात मिरगीचे अनेक रुग्ण मनोविकारतज्ज्ञांकडेच जातात, त्यामुळे मनोरुग्णालयांच्या ओपीडीत हे औषध जुन्या ओळखीचे आहे. फिनोबार्बिटोन, फेनिटॉइन, ऑक्सकार्बाझेपिन आणि जास्त मात्रेतले टोपिरामेट हीही त्याच जातीची. यांतले कोणतेही चालू असताना माला-एनवर विसंबणे धोक्याचे. आणीबाणीची गोळी, जी भारतात २००५ पासून चिठ्ठीविना मिळते, तिचाही गुण या औषधांमुळे घटतो.

द्विध्रुवी आजार आणि मिरगी यांवरच्या लॅमोट्रिजिनची गोष्ट उलट दिशेची आहे. इथे गोळीचे काही बिघडत नाही, गोळीतले इस्ट्रोजेनच लॅमोट्रिजिनला शरीरातून लवकर बाहेर काढते. रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यापर्यंत उतरू शकते. या शतकाच्या आरंभी डेन्मार्कमधील डॉक्टरांनी हे स्पष्ट केले. शिवाय माला-एनच्या पाकिटात लोहाच्या सात गोळ्यांचा आठवडा येतो तेव्हा इस्ट्रोजेन थांबते आणि लॅमोट्रिजिन पुन्हा वर चढते. द्विध्रुवी आजाराच्या किंवा मिरगीच्या रुग्णाला तीन आठवडे औषध कमी पडते आणि चौथ्या आठवड्यात जास्त होते. पाळीच्या आसपास बिघडते, असे घरचे सांगतात. त्यामागे स्वभाव नसून हे असू शकते. स्किझोफ्रेनियावरच्या क्लोझापिनच्या बाबतीत गोळीमुळे औषधाची पातळी वाढते आणि गुंगी, लाळ, रक्तदाब उतरणे असे त्रास बळावतात.

उन्माद आणि मिरगी यांवरचे व्हॅल्प्रोएट गोळीला निकामी करीत नाही; त्याचा धोका गर्भाला आहे. १९८२ मध्ये फ्रान्समधील लिआँ येथून पाठीच्या कण्यातील व्यंग आणि आईने घेतलेले व्हॅल्प्रोएट यांचा संबंध पुढे आला. गर्भारपणात ते घेतल्यास सुमारे दहापैकी एका बाळात जन्मजात व्यंग आढळते, आणि दहापैकी तीन-चार मुलांत बुद्धीच्या व वाढीच्या अडचणी दिसतात. ब्रिटनने २०१८ मध्ये खात्रीचे गर्भनिरोधन ठरल्याशिवाय तरुण स्त्रीला हे औषध देऊ नये असा नियम केला. स्वस्त आणि गुणकारी असल्याने भारतात ते सर्रास वापरले जाते. म्हणून तरुण बाईला व्हॅल्प्रोएट लिहिताना गर्भनिरोधनाचा प्रश्न न विचारणे ही गंभीर चूक मानली पाहिजे.

आणखी एक फसगत जुन्या औषधांनी केली. क्लोरप्रोमाझिन, हॅलोपेरिडॉल आणि नंतरचे रिस्पेरिडोन प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढवतात, त्यामुळे पाळी महिनोन्‌महिने येत नाही. काही स्त्रियांना दिवस गेल्याची धास्ती बसते, काहींना आता मूल होणारच नाही असे वाटते. प्रोलॅक्टिन न वाढवणारे औषध सुरू झाले की पाळी आणि गर्भधारणेची क्षमता दोन्ही परत येतात, आणि त्या वेळी कोणी सावध केलेले नसेल तर नको असताना दिवस जातात.

नैराश्यावरची नेहमीची औषधे, उदाहरणार्थ फ्लुओक्झेटिन किंवा एस्सिटॅलोप्रॅम, आणि लिथियम यांचा गोळीच्या कामाशी विरोध नाही. सगळ्याच ‘डोक्याच्या गोळ्या’ पाळण्याच्या गोळीला मारक, हा समज चुकीचा आहे. गोळीनेच मन खचते का, हा वाद १९७० पासून, अमेरिकी संसदेत गोळीच्या दुष्परिणामांची सुनावणी झाली तेव्हापासून, चालू आहे. २०१६ मध्ये दहा लाखांहून अधिक डॅनिश स्त्रियांच्या नोंदींवरून असे दिसले की माला-एनसारखी दोन संप्रेरकांची संयुक्त गोळी घेणाऱ्यांत नैराश्याचे औषध पहिल्यांदा सुरू होण्याचे प्रमाण सुमारे १.२ पट होते, आणि किशोरवयीन मुलींत ते त्याहून जास्त. संबंध दिसला, कारण सिद्ध झाले नाही. जागतिक आरोग्य संघटना नैराश्य असलेल्या स्त्रीला गोळीची मनाई करीत नाही. तरी गोळी सुरू केल्यावर मन खचले असे बाई सांगते तेव्हा तिचे म्हणणे लिहून घेतले पाहिजे.

हे सगळे ज्ञान डॉक्टरांपर्यंत पोहोचले तरी ते उपयोगी पडण्याच्या आड लपवाछपवी येते. पाळण्याची गोळी सासूपासून लपवली जाते, मनाची गोळी नवऱ्यापासून. त्यामागे कायद्याचाही धाक होता. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने मनोविकार आणि मिरगी या दोन्ही बाबी विवाहाच्या अटींत आल्या. त्यांतली मिरगी १९९९ मध्ये काढली गेली. लग्नाआधी आजार झाकायचा, मग औषधही झाकायचे, आणि झाकलेले औषध कुटुंबनियोजनाच्या नर्सबाईंना कसे सांगायचे, असा पेच अनेकींच्या वाट्याला आला.

मनोरुग्ण स्त्रीच्या मातृत्वाचा निर्णय कोणाचा, याचे उत्तर कायद्याने हळूहळू बदलले. १९७१ च्या गर्भपात कायद्यात ‘ल्युनॅटिक’ स्त्रीसाठी पालकाची संमती पुरेशी होती. २००२ मध्ये त्या जागी ‘मानसिक आजारी व्यक्ती’ हा शब्द आला. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. पाळीच्या वेळची स्वच्छता मुलींना जमत नाही हे कारण पुढे केले गेले, आणि राज्यभर निषेध उठला. या मुली मनोविकाराच्या रुग्ण नव्हत्या, पण त्यांना न विचारता त्यांच्या शरीराचा निकाल लावणारी वृत्ती तीच होती. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चंदीगडच्या एका प्रकरणात सौम्य मतिमंदत्व असलेल्या स्त्रीच्या इच्छेविरुद्ध गर्भपात करता येणार नाही असा निर्णय दिला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने संमतीविना वंध्यत्व आणणारे उपचार मना केले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९५ ने मनोविकाराचा उपचार म्हणून नसबंदी करण्यास स्पष्ट बंदी घातली.

कायमची शस्त्रक्रिया हे घरच्यांच्या हातचे उत्तर उरले नाही, तेव्हा तात्पुरत्या साधनांची नेमकी निवड महत्त्वाची झाली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये कोणत्या आजारात कोणते साधन चालते याचे चार वर्ग ठरवून दिले, आणि भारताच्या सरकारी मार्गदर्शिका त्यावरच आधारलेल्या आहेत. त्यानुसार कार्बामाझेपिन, फेनिटॉइन किंवा फिनोबार्बिटोन चालू असेल तर संयुक्त गोळी तिसऱ्या वर्गात, म्हणजे सहसा देऊ नये अशा वर्गात पडते. लॅमोट्रिजिन एकटे चालू असेल तरीही तेच. याच स्त्रियांना तांबी आणि तीन महिन्यांनी घ्यायची सुई ही दोन्ही साधने पहिल्या वर्गात, म्हणजे निर्धोक, मानलेली आहेत. ही सुई २०१७ पासून ‘अंतरा’ नावाने सरकारी कार्यक्रमात फुकट मिळते, तांबी त्याआधीपासूनच. दोन्हींसाठी जवळच्या सरकारी दवाखान्यात विचारणा करता येते. मात्र मनोविकाराचे किंवा मिरगीचे औषध चालू असलेल्या कोणत्याही स्त्रीने गोळी सुरू करताना, बदलताना किंवा थांबवताना दोन्ही डॉक्टरांना दोन्ही चिठ्ठ्या दाखवाव्यात, आणि दिवस गेल्याची शंका आली तरी मनाचे औषध आपल्या मनाने एका दिवसात तोडू नये. अचानक तोडल्याने आजार उलटतो, मिरगीत झटके वाढतात, आणि त्याचा धोका आई व बाळ दोघांनाही असतो.